पांढऱ्या पिशवीचं प्रकरण: पुण्यातल्या एका गच्चीवर चार पॉटिंग मिक्सची पारख

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या गच्चीवर टोमॅटोची घाई सुरू होते. सिंहगड रस्त्याच्या बाजूची जुनी इमारत, आठ घरं मिळून भाजी लावतो, कुंड्या-वाफे सगळे सामायिक. एरवी आम्ही माती स्वतःच तयार करतो: पालापाचोळ्याचं कुजलेलं खत, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि थोडी लाल माती. त्या वर्षी पावसाळा लांबला, ड्रममधलं खत ओलंच राहिलं, आणि आम्ही तयार पॉटिंग मिक्स मागवायचं ठरवलं. पाच-पाच किलोच्या सोळा पिशव्या, पांढऱ्या रंगाच्या, वर लालबुंद टोमॅटोचं चित्र आणि ‘थेट कुंडीत भरा’ अशी सूचना. आठ घरांच्या वर्गणीतून पैसे गेले होते, म्हणून पुढे जे झालं त्याचा हिशेब नीट मांडणं मला गरजेचं वाटतं.

ट्रेमध्ये टोमॅटो, मिरची आणि वांग्याची मिळून ४८ रोपं होती. दोन-दोन पानांची, तजेलदार, घरच्याच मातीत उगवलेली. ती पांढऱ्या पिशवीतल्या मिश्रणात हलवली. पाचव्या दिवशी वाढ थांबल्यासारखी वाटली. आठव्या दिवशी खालची पानं पिवळी पडली आणि कडा तपकिरी होऊन कागदासारख्या वाजू लागल्या. बाराव्या दिवशी मोजली तेव्हा १९ रोपं उभी होती.

इथे चूक माझ्या हातून झाली आणि ती सांगायलाच हवी. पिवळं पान म्हणजे भूक, असं धरून मी प्रत्येक रोपाला चिमूट-चिमूट निंबोळी पेंड आणि वर पातळ खत दिलं. पिशवीवरच्या ग्राहक क्रमांकावर फोन केला तर तिथूनही ‘खत वाढवा’ असाच सल्ला मिळाला. पुढच्या चार दिवसांत आणखी सात रोपं गेली. रोप उपटून पाहायला हवं होतं, ते मी उशिरा पाहिलं. निरोगी रोपाची मुळं पांढरी आणि केसाळ असतात. ही आखूड, टोकाला तपकिरी, जणू कात्रीने छाटलेली होती. भुकेलं रोप मुळं लांबवतं. मुळंच करपली असतील तर वरून कितीही वाढा, ते त्याच्या तोंडी लागत नाही.

धागा सापडला तो तळमजल्यावरच्या काकूंमुळे. उरलेल्या अकरा पिशव्या जिन्याखाली एकावर एक रचल्या होत्या. काकू मधली पिशवी ओढायला गेल्या आणि हात तसाच ठेवून म्हणाल्या, “अगं, ही आतून ऊबदार आहे.” पिशवी फोडल्यावर नाकात झणका गेला, गोठ्यातल्या साचलेल्या मुतासारखा. तो अमोनिया होता. कुजण्याची क्रिया पूर्ण झालेलं खत थंड असतं आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. ज्यात ऊब आणि झणका आहे ते अजून शिजतंय, आणि शिजत्या खतात कोवळी मुळं टिकत नाहीत.

पण एका वासावरून निकाल देणं मला पटेना. दोष पिशवीचा की आमचा, आणि बाजारातली बाकीची मिश्रणं तरी कशी असतात, हे जवळून बघायचं ठरलं. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने महाराष्ट्राला हेच शिकवलं की आपल्या अंगणातलं मोजमाप आपण करायचं, त्यासाठी प्रयोगशाळेची वाट बघायची नाही. तेव्हा पांढरीच्या जोडीला तीन नग आणले: ऑनलाइन मिळणारी हिरवी पिशवी, दुकानातली काळी पिशवी आणि उरुळी कांचनकडच्या एका रोपवाटिकेतून वीस किलोचं पोतं. तुलनेला आमची जुनी घरची माती, म्हणजे आदल्या वर्षीच्या कुंड्यांतली चांगली मुरलेली.

पहिलं मोजमाप पैशांचं केलं, कारण सगळ्यांना त्याचीच घाई होती. आपल्याकडे हा माल बहुतेक किलोवर विकला जातो, आणि कुंडी तर लिटरने भरते. या दोन मापांच्या मधे बरंच काही लपतं. एका लिटरच्या डब्याने, न दाबता, हलकेच एकदा आपटून मोजलं. पांढरीचे पाच किलो म्हणजे ९ लिटर, किंमत ३४९ रुपये. काळीचे पाच किलो म्हणजे साडेसात लिटर, २९९ रुपये. हिरवीवर ‘१० लिटर’ छापलेलं होतं, भरली साडेनऊ, ३९९ रुपये. भागाकार केल्यावर तिन्ही पिशव्या लिटरमागे ३९ ते ४२ रुपयांच्या आत आल्या, म्हणजे ‘स्वस्त’ काळी आणि ‘महाग’ हिरवी यात नावापुरताच फरक. पोतं मात्र १८० रुपयांना १७ लिटर, लिटरला साधारण साडेदहा रुपये.

मग पांढरीतलं २०० ग्रॅम मिश्रण ताटात पसरून उन्हात ठेवलं आणि वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवलं. उरलं ९६ ग्रॅम. निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं होतं, आणि ते पाणी आम्ही खताच्या भावाने विकत घेतलं होतं. आपल्या खत नियंत्रण आदेशात, १९८५ च्या, गांडूळखतासाठी ओलाव्याची मर्यादा १५ ते २५ टक्के दिलेली आहे. पॉटिंग मिक्स हे खत म्हणून नव्हे तर वाढीचं माध्यम म्हणून विकलं जातं, आणि त्यामुळे पिशवीवर या मापांपैकी एकही दिसत नाही. महिना-वर्ष, कमाल किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क, इतकं तरी वेष्टनाच्या २०११ च्या नियमांनुसार छापावं लागतं, ते पांढरीवर सगळं होतं. घटकांच्या रकान्यात कोकोपीट, ‘सेंद्रिय खत’, निंबोळी पेंड एवढीच नावं होती. कोणतं किती आणि ते सेंद्रिय खत नेमकं कशाचं, याबद्दल एक ओळही नव्हती.

दुसरं मोजमाप क्षारांचं, आणि इथेच प्रकरणाचा अर्धा उलगडा झाला. पिण्याचं पाणी तपासायचा, त्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा पेनासारखा टीडीएस मीटर एका शेजाऱ्यांकडे होता. एक वाटी मिश्रण, पाच वाट्या पाणी, ढवळून अर्धा तास ठेवायचं, फडक्यातून गाळायचं आणि मीटर बुडवायचा. पहिल्या दिवशी पाचही नमुने खारट निघाले, आमची घरची मातीसुद्धा. मी गोंधळले. मग लक्षात आलं की बादली गच्चीवरच्या नळाची होती, आणि त्या नळाला बोअरचं पाणी येतं. नुसतं बोअरचं पाणीच मीटरवर ६४० दाखवत होतं. सगळं ओतून दिलं आणि महापालिकेच्या, खडकवासल्याच्या पाण्याने नव्याने सुरुवात केली. ते ९० दाखवत होतं. जो कोणी घरी ही तपासणी करेल त्याने आधी नुसतं पाणी मोजावं आणि तो आकडा प्रत्येक नमुन्यातून वजा करावा, नाहीतर निर्दोष मातीवर आळ येतो.

पाण्याचे ९० वजा करून पांढरीचा आकडा आला ६७०. असे बरेचसे मीटर ५०० चा गुणक धरतात, म्हणजे विद्युतवाहकतेच्या एका एककाला ५०० दाखवतात. त्या हिशेबाने ही विद्युतवाहकता सुमारे १.३४ डेसिसीमेन्स प्रति मीटर. एकास पाच या मापात कोवळ्या रोपांना साधारण ०.३५ पर्यंत आणि वाढलेल्या झाडांना ०.६५ पर्यंत सोसतं. १.१ च्या पुढे मुळांना पाणी ओढणं फार अवघड होतं, कारण बाहेरच्या पाण्यातले क्षार ते पाणी धरून ठेवतात. माती ओली असूनही रोप तहानेने वाळतं, आणि कडा करपण्याचं कारण तेच. हिरवी ०.४८, काळी ०.२४, पोतं ०.४० आणि घरची माती ०.३६ आली. मी वरून घातलेलं पातळ खत म्हणजे खारट पाण्यात आणखी मीठ होतं. आधीची रोपं पिशवीने मारली असतील, पण नंतरची सात माझ्यामुळे गेली.

क्षार आले कुठून? दोन वाटा दिसतात. नारळाच्या सोडणात पोटॅशियम आणि क्लोराइड मुळातच भरपूर असतं, आणि जिथे सोडणं खाऱ्या पाण्यात मुरवतात तिथे सोडियमही मुरतं. कोकोपीट गोड्या पाण्याने धुतलं तर हे बरंचसं निघून जातं, पण धुवायला पाणी, जागा आणि वेळ लागतो, म्हणून ‘लो ईसी’, म्हणजे कमी क्षारांचं, आणि न धुतलेलं असे दोन भाव बाजारात असतात. दुसरी वाट अर्धवट कुजलेल्या कोंबडीखताची. ते क्षारांनी आणि अमोनियाने भरलेलं असतं. पांढरीत आम्हाला भाताच्या तुसासकट पिसांचे बारीक तुकडे सापडले, भिंगाखाली स्पष्ट दिसणारे. त्यावरून मी कोंबडीखताकडे बोट दाखवते. तो माझा अंदाज आहे.

इथे एक गोष्ट जरा खोलात सांगते, कारण दुकानदार नेहमी त्यावरच वाद घालतात. त्याच खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टची वाहकता ४.० पर्यंत चालते असं आहे, मग १.३४ ला कशाला घाबरायचं? कारण कंपोस्ट हे खत आहे. शेतकरी ते एकरभर जमिनीत विसकटतो, आणि ते मातीत शंभरपट पातळ होतं. कुंडीतल्या रोपाला पळायला दुसरी माती नसते. मिश्रण जसं असेल त्याच्यातच त्याचा जन्म जातो. खताचं माप माध्यमाला लावणं म्हणजे लोणच्याचं मीठ भाजीला घालणं.

तिसरी तपासणी स्वयंपाकघरातली. खत परिपक्व झालं का हे बघायला बियांची चाचणी वापरतात. इटलीतल्या झुक्कोनी आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली ती मांडली, आणि त्यांनी निवडलेलं बी म्हणजे आपलं हळीव. बाळंतिणीच्या लाडवातलं हळीव. काकूंच्या डब्यात ते होतंच. गाळलेल्या पाण्यात भिजवलेला टिपकागद ताटलीत पसरायचा, त्यावर वीस बिया, वरून दुसरी ताटली, आणि तीन दिवस अंधारात. हळीव आधी भिजवायचं नाही, त्याला बुळबुळीत आवरण येतं आणि बिया एकमेकींना चिकटतात. कोरडीच, चिमट्याने, एकेक ठेवायची. प्रत्येक नमुन्याच्या दोन ताटल्या, म्हणजे ४० बिया, आणि जोडीला नुसत्या पाण्याच्या दोन.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताटल्या खिडकीत मांडल्या. नुसत्या पाण्यात ३८ बिया उगवल्या होत्या, मूळ सरासरी ३२ मिलिमीटर, सरळ आणि पांढरं. पांढरीच्या ताटलीत २९ उगवल्या होत्या आणि मूळ १४ मिलिमीटरवर थबकलेलं, टोकाला वाकून तांबूस झालेलं. ट्रेमधल्या टोमॅटोची मुळं तशीच होती. काकू भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

उगवणीचं प्रमाण आणि मुळाची लांबी, दोन्ही नुसत्या पाण्याशी ताडून गुणाकार केला की एक निर्देशांक मिळतो. ८० टक्क्यांच्या वर असेल तर खत मुरलेलं, ५० च्या खाली म्हणजे मुळांना घातक. पांढरी ३३ टक्क्यांवर आली. पोतं ६७, हिरवी ८८, काळी ९४ आणि घरची माती शंभरच्या जवळ.

इथवर काळी पहिली आली असती. क्षार कमी, हळीव खूश. म्हणूनच मी एकाच चाचणीवर विसंबू नका म्हणते. हळिवाची बी आपली शिदोरी बरोबर घेऊन येते, तीन दिवसांत तिला मातीकडून अन्न लागतच नाही. विष आहे का ते ती सांगते, पोषण आहे का ते सांगत नाही. काळीतलं मूठभर मिश्रण काचेच्या बरणीत पाण्यात हलवून ठेवलं तर तळाशी बोटभर वाळू बसली आणि वर कोकोपीट तरंगलं, मधे जवळपास काही नाही. वजन वाळूचं, फुगवटा कोकोपीटचा.

निचऱ्याचं मोजमापही केलं. एक लिटरच्या कुंडीची भोकं चिकटपट्टीने बंद करायची, मिश्रण भरायचं, पृष्ठभागाशी पाणी येईपर्यंत सावकाश ओतायचं, मग पट्टी काढून खाली किती पाणी पडतं ते मोजायचं. जितकं पाणी निघालं तितकी हवेची जागा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो ती ओल आणि हवा दोन्ही असलेली अवस्था कुंडीत टिकायची असेल तर लिटरमागे १०० ते २०० मिलिलिटर पाणी निघालं पाहिजे. घरच्या मातीतून १७०, हिरवीतून १५०, पांढरीतून ११०, काळीतून २२० आणि पोत्यातून जेमतेम ५०. पोत्यातली लाल माती चार पाण्यांत विटेसारखी बसली. तिच्यात हुमणीच्या दोन अळ्याही निघाल्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या, म्हणजे शेणखत न कुजलेलं. पिशव्यांचा सामू (पीएच) कागदी पट्टीवर सगळीकडे साडेसहाच्या आसपास होता, त्याने काही वेगळं सांगितलं नाही.

शेवटी खरी कसोटी: प्रत्येकात सहा-सहा नवी टोमॅटोची रोपं, एकाच जागी, एकाच झारीचं पाणी, खत काहीही नाही, २८ दिवस. पांढरीतली चार मेली, उरलेली दोन खुरटली. पोत्यातली सहाही जगली पण पाणी साचून खोड बुडाशी काळसर, वाढ सावकाश. काळीतली पहिले दोन आठवडे सुंदर होती, तिसऱ्या आठवड्यापासून पोपटी होत गेली आणि मग तिथेच थांबली. हिरवीतली सहा एकसारखी आणि गडद होती. घरच्या मातीतली त्यांच्याहून चार बोटं उंच, आणि हे सांगताना मला आनंद होतो, कारण त्या मातीत आठ घरांचा दोन वर्षांचा पालापाचोळा आहे.

आता या चौघींना मी काय म्हणेन? हिरवी रोपांसाठी घेण्याजोगी, लिटरमध्ये विकते हे मला तिच्या बाजूने फार मोठं वाटतं. काळी निरुपद्रवी आहे, तिच्यात एक तृतीयांश चांगलं गांडूळखत मिसळलं की उपयोगी पडते, पण मग ‘थेट कुंडीत भरा’ हे तिच्यावर छापणं बरोबर नाही. पोतं स्वस्त आहे आणि मोठ्या झाडांच्या कुंडीत, कोकोपीट नाहीतर तूस घालून सैल केल्यावर, पैसे वसूल करून देतं. रोपांना ते देऊ नये. पांढरी त्या अवस्थेत विकायलाच नको होती. कच्चं खत पिशवीत बंद करून घाई केली, आणि त्या घाईची किंमत घेणाऱ्याने भरली. महिनाभर उघड्यावर पसरून उलथलं असतं तरी यातलं बरंचसं टळलं असतं.

ते उलथण्याचं काम मग आम्हीच केलं. उरलेल्या अकरा पिशव्या गच्चीच्या कोपऱ्यात बारदानावर ओतल्या, खडकवासल्याच्या पाण्याने तीन वेळा निथळून धुतल्या, वाळक्या पानांचे थर देऊन भोकं पाडलेल्या ड्रममध्ये भरल्या. दर रविवारी ज्याची पाळी त्याने वरखाली करायचं. पहिले दोन आठवडे ड्रम तापत होता, झाकण उघडलं की वाफ यायची. चौथ्या आठवड्यात झणका गेला. सहा आठवड्यांनी वाहकता ०.४४ आणि हळिवाचा निर्देशांक ८५. त्या मिश्रणात फेब्रुवारीत लावलेल्या मिरच्या आता लागल्या आहेत.

एक मर्यादा इथे नोंदवते. प्रत्येक प्रकारची एकच पिशवी तपासली आहे, आणि हा माल दर खेपेला बदलतो. फेब्रुवारीत त्याच हिरवीची दुसरी पिशवी आणली. रंग, चित्र, किंमत सगळं तेच. मीटरवर ०.४८ च्या जागी ०.७१ आलं, आणि हळिवाची मुळं २९ ऐवजी २३ मिलिमीटर. काकूंनी ती वांग्याच्या रोपांसाठी राखून ठेवली होती. ताटली बघितल्यावर त्यांनी पिशवी उचलली, कढीपत्त्याच्या मोठ्या कुंडीपाशी नेली आणि रोपांसाठी घरच्या ड्रमचं झाकण उघडलं.